निजून निवडलेला नेचा

आमची ताई एखाद्या घरात नेचा द्यायला गेली की आधी तासभर नुसती बसते. चहा नको, पाणी नको, बोलणं तर नकोच. घरातलं माणूस जिथे सगळ्यात जास्त वेळ काढतं ती जागा विचारून घेते, तिथे बूड टेकते आणि डोळे अर्धे मिटून उजेड बघत राहते. घरचे लोक पहिली पाच मिनिटं आदरानं बघतात. मग एकमेकांकडे बघतात. मग माझ्याकडे. मी बापडी खिडकीपाशी टेप घेऊन उभी, कारण मी पडदे शिवते आणि आम्ही दोघी बहिणी बहुतेक ठिकाणी जोडीनंच जातो. "त्यांना बरं आहे ना?" असं मला आजवर किती जणांनी हळूच विचारलंय याची गणती नाही. मी सांगते, "धडधाकट आहे. ती अशीच आहे. तुम्ही तुमची कामं उरका."

नेचा म्हणजे फर्न हो. नर्सरीतले लोक फर्न म्हणतात, ताई नेचा म्हणते, आणि तिच्यापुढे फर्न म्हटलं की ती ऐकूच आलं नाही असं दाखवते. ना फूल, ना फळ, ना वास. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, यापेक्षा कोथिंबीर लावलीस तर निदान आमटीत तरी पडेल." त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. मला घरात 'कात्री' म्हणतात ते काही माझ्या धंद्यामुळे नाही.

हे वेड तिला लागलं ते तळघरात. एका कचेरीच्या जुन्या फायली सांभाळायला ती बावीस वर्षं तळघरात बसली. छतालगत एक झरोका, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसायचे. कोपऱ्यात पाण्याचा पाइप गळायचा, आणि त्या ओलीवर भिंतीच्या भेगेतून एक नेचा उगवला होता. कुणी लावला नव्हता, कुणी पाणी घातलं नव्हतं. दुपारी झरोक्यातून ऊन उतरायचं, अर्धा तास त्या पानांवर थांबायचं आणि निघून जायचं. तेवढ्या अर्ध्या तासात ताईनं कधी कुणाला फाईल काढून दिली नाही. साहेब ओरडले तरी नाही. लग्नाचं तसंच राहून गेलं. आई कपाळावर हात मारायची, "हिला मुलगा दाखवला तरी ही त्याच्या मागच्या भिंतीची ओल बघत बसते!"

कचेरी बंद झाली तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, एकानं तर दाराची कडी काढून नेली. आमच्या बाईसाहेब चमच्यानं भिंत खरवडून तो नेचा ओल्या रुमालात घेऊन घरी आल्या. आता आमच्या मागच्या अंगणात साठ-सत्तर कुंड्या आहेत. वरून सावलीला माझ्याच पडद्यांचे उरलेले जाळीचे तुकडे बांधलेत, एक फुलांचा, एक पट्ट्यांचा, जसे सापडले तसे. दुपारी तिथे गेलं की हिरव्या पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. भांडायला म्हणून जावं, दोन मिनिटांत काय भांडायचं होतं तेच आठवत नाही. मी खूपदा अनुभव घेतलाय.

लोक तिच्याकडे येतात ते मनात काहीतरी ठरवून. एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांना घराच्या दर्शनी पायरीवर मोठ्ठा झुपकेदार नेचा हवा होता, येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसला पाहिजे. ताई म्हणाली, "दुपारी दोन वाजता तुम्ही स्वतः त्या पायरीवर उभे राहा. अनवाणी." डॉक्टर हसले, पण उभे राहिले. चार मिनिटांत नाचायला लागले. "आता झाडाचं काय ते तुम्हीच सांगा," ताई म्हणाली. शेवटी खांबाच्या मागे, जिथे सकाळचं कोवळं ऊन येऊन जातं, तिथे तिनं राठ पानांचा, सोसणारा नेचा ठेवला. न्हाणीघराच्या खिडकीत ती हंसराज नावाचा नेचा देते, नखाएवढ्या पानांचा, काळ्या दोऱ्यासारख्या देठांचा. तो भारी रुसका. एक दिवस पाणी चुकलं की वाळून दाखवतो. आणि बागेत म्हणाल, तर ज्या भिंतीशी कधी ऊन येत नाही, जिथे लोक मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या बादल्या टाकतात, तीच जागा ती मागून घेते.

तिचा एक नियम मात्र पक्का. नेचा दिला की पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही. "मुलगी नांदायला गेली की आईनं रोज उठून डोकवू नये," म्हणते. काही विचारायचं असेल तर लोकांनी अंगणात यावं. आणि निघताना ती प्रत्येकाला एकच गोष्ट बजावते: पानांच्या मागे तपकिरी ठिपके येतील, रांगेत, अगदी मोजून लावल्यासारखे. ती कीड नाही. नेच्याचं जे काय बी-बियाणं आहे ते तेच. ते पिकतात, त्यांची भुकटी पडते, आणि नशीब असेल तर त्यातून नवा नेचा उगवतो. त्यांना हात लावायचा नाही. हे ती इतक्यांदा बोललीय की मला झोपेत म्हणता येईल.

आता घड्याळवाल्यांचं सांगते.

माझ्या दुकानासमोर त्यांचं दीड हात रुंदीचं दुकान आहे. आत ते, त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतभर घड्याळं, एकाची वेळ दुसऱ्याला पटत नाही. माणूस कमालीचा टापटीप. धूळ म्हणजे जन्माची वैरीण. कामाला बसायच्या आधी ते स्वतःच्या बाह्यासुद्धा फुंकून घेतात. एका सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पडदा हवाय. जाड. काळा असला तरी चालेल."

"काळा? सिनेमा दाखवणार आहात का घरात?" मी आपली नेहमीसारखी बोलून गेले.

"ही म्हणते उजेड नको," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले ते उठेचनात.

त्यांची बायको सात महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड उत्तम जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला. ती चालली नाही. उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. आधी 'हो' आणि 'नको' एवढं तरी बोलायची. मग 'हो' बंद झालं. "काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं," घड्याळवाले म्हणाले, "आणखी दोन-तीन महिने अशीच राहिली तर पाय कायमचे जातील. मग मनात आलं तरी उठता यायचं नाही. मी घड्याळ उघडलं की काय अडकलंय ते मला दिसतं हो. इथे काही दिसत नाही."

मी हातातली कात्री खाली ठेवली. ताई मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर रेलून बसली होती. मला वाटलं डुलकी लागलीय. ती तिथूनच म्हणाली, "पडदा नको. मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ घर, चपला काढताना मला माझ्याच पायांची लाज वाटली. खोलीत एक पलंग, दोघांचा. एका कडेला ती बाई, पाठमोरी, पांढरी वेणी उशीवर. ताईनं नेहमीचा प्रश्न विचारला, "या सगळ्यात जास्त कुठे असतात?" घड्याळवाल्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं. दुसरं काय दाखवणार?

आणि आमची ताई सरळ पलंगावर चढली. पदर सारखा केला आणि त्या बाईच्या शेजारी उताणी पडली. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीचं माप घ्यायला लागले. मापायचं काही नव्हतं, पण धरणी दुभंगून पोटात घेत नाही तोवर माणसानं हात तरी हलवावेत.

खिडकीबाहेर कुठेतरी पाणी टपकत होतं. छतावर उजेडाचा एक फिकट तुकडा हलत होता, बहुतेक शेजारच्या काचेवरून आलेला. तो हळूहळू पंख्याकडे सरकला, तिथून कोपऱ्याकडे. शेजारच्या घरातला नळ चालू झाला, बंद झाला. मग मला एक आवाज ऐकू आला आणि माझ्या अंगावर काटा आला. ताई घोरत होती. परक्याच्या घरी, परक्याच्या पलंगावर, आजारी बाईच्या शेजारी! मी तिला हलवायला पुढे झाले, तर घड्याळवाल्यांनी माझा हात धरला.

त्यांची बायको वळत होती. आधी मान, मग खांदा, मग सावकाश सगळी. कुशीवर वळून ती आपल्या उशीशेजारी आ वासून झोपलेल्या त्या अनोळखी बाईकडे बघत राहिली. रागानं नाही, हसूनही नाही. पहाटे जाग आल्यावर आपण कुठे आहोत ते कळायला वेळ लागतो, तशी. ताई चांगला पाऊण तास झोपली आणि तेवढा पाऊण तास ती बाई भिंतीकडे वळली नाही.

ताई उठली, डोळे चोळले आणि जणू काही झालंच नाही असं म्हणाली, "इथून छतच दिसतं फक्त. छताला लटकवू या. उशीच्या बरोबर वर. ज्याचं पोट बघण्यासारखं आहे असा."

तिनं लांब झालरीसारख्या पानांचा नेचा निवडला. एरवी टोपली डोळ्यांच्या पातळीवर असते आणि लोकांना पानांची वरची बाजू दिसते. पलंगावरून त्याची खालची बाजू दिसायची, फिकट हिरवी, मधून शीर, दोन्हीकडे फणीच्या दातांसारखी इवली पानं. टोपली लावली, पाण्याचं सांगितलं, आणि आम्ही निघालो. ठिपक्यांचं सांगायचं ती त्या दिवशी साफ विसरली. झोपेतून उठलेली होती, मी तिला घाई करत होते. चूक तिची आणि घाई माझी.

दोन महिने घड्याळवाले एक दिवसाआड अंगणात यायचे. "उताणी झोपते आता." पुढच्या खेपेला, "सकाळी डोळे उघडले की आधी पानांकडे बघते." मग एकदा धावतच आले, "चष्मा मागितला! बोलली नाही, बोट दाखवलं. चष्मा लावून बघत असते आणि बोटं अशी हलतात चादरीवर. काहीतरी मोजते. शाळेत गणित शिकवायची ना ती, पानं मोजत असेल." ताई त्यांच्या हातावर थोपटायची. पाय मात्र अजून पलंगाखाली उतरले नव्हते. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोलायचं नाही.

मग चार दिवस ते आले नाहीत. दुकानही बंद. मला वाटलं गावाला गेले, पण बायकोला टाकून कुठे जाणार? पाचव्या दिवशी दुपारी आले ते डोळे लाल, बोटांना स्पिरिटचा वास.

"त्या झाडाला कीड लागली होती," ते म्हणाले. "चादरीवर तपकिरी धूळ पडलेली दिसली. भिंग लावून बघितलं तर प्रत्येक पानाखाली अंडी, रांगेनं! पण घाबरू नका. तीन दिवस बसून एक एक काढलंय. चिमट्यानं उचलायचं, ब्रशनं झटकायचं, मग स्पिरिटचा बोळा. एक पानसुद्धा मोडू दिलं नाही. अकरा पानं साफ झाली, चार राहिलीत. तेवढ्यांना काही फवारायचं औषध असेल तर द्या."

जगात दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. आळशी माणसानं दुर्लक्ष केलं असतं, घाईच्या माणसानं झाड फेकून दिलं असतं. हजारो ठिपके एक एक करून उचलायचे म्हणजे घड्याळवालाच हवा.

ताई मटकन खाली बसली. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, कचेरी बंद झाली तेव्हासुद्धा नाही. "आणि त्या?" तिनं विचारलं.

"ही? काय कोण जाणे. परवापासून पुन्हा भिंतीकडे तोंड करून आहे. जेवलीही नाही."

"पानं नव्हती हो मोजत त्या," ताई म्हणाली. "ठिपके मोजत होत्या."

ती उठली आणि चपला न घालताच रस्त्याला लागली. तिचा तो नियम, मुलगी नांदायला गेली की वगैरे, कुठल्या कुठे गेला. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे, आणि घड्याळवाले माझ्या मागे, "म्हणजे काय? म्हणजे ती कीड नव्हती?" असं पुन्हा पुन्हा विचारत. वाटेत मीच त्यांना सगळं सांगितलं. कात्री म्हणवून घेते, पण त्या दिवशी एकेक शब्द बोथट करून सांगितला. ते मध्येच थांबले, भिंतीला टेकले, आणि म्हणाले, "मी पुसलं. तिच्यासमोर उभा राहून पुसलं."

खोलीत तीच पाठ, तीच वेणी. वर टोपलीत नेचा, पानं हिरवीगार आणि लख्ख, इतकी स्वच्छ की बघवेना. ताई पलंगाच्या कडेला बसली. "बाई, चूक माझी आहे," ती म्हणाली. "यांना काही माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सांगते, यांना सांगायचं राहिलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा." पाठ हलली नाही. "पुन्हा येतात ते," ताई म्हणाली, पण बोलताना तिनं नजर टोपलीकडे वळवली. पुन्हा यायला किती महिने लागतात ते तिला माहीत होतं, आणि डॉक्टरांनी किती महिने दिलेत तेही.

मला रडू फुटलं. अगदी मुसमुसून, लहान पोरीसारखं. दोन महिन्यांत त्या बाईनं एवढी मान फिरवली होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, चांगुलपणानं, ती परत भिंतीकडे वळवली होती.

घड्याळवाले इतका वेळ दारात उभे होते. ते आत आले, स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. "चार पानं राहिलीत," ते पुटपुटले. "त्यांच्यावर असतील. असणारच." त्यांनी हात वर केला आणि एक पान हळूच उलटं करायला बोटं पुढे नेली.

"हात लावू नका!"

आवाज घोगरा होता, 'नको'पलीकडे कित्येक महिने न वापरलेला. घड्याळवाल्यांचा हात हवेतच राहिला. ती बाई कोपरावर उठून बसली होती, चष्मा वाकडा, केस विस्कटलेले.

"खबरदार त्या पानांना बोट लावलंत तर! खिडकीकडच्या एका पानावर सहाशे बारा होते. रोज मोजत होते मी, हिरवे होते तेव्हापासून. आधी पांढुरके झाले, मग बदामी, मग पिकायला लागले. भुकटी पडली माझ्या चादरीवर. मला वाटलं, चला, या खोलीत निदान एकाचं तरी काही पुढे सरकतंय. आणि तुम्ही आलात चिमटा घेऊन! मी 'नको, नको' म्हणतेय तर तुम्हाला वाटलं मी जेवणच नको म्हणतेय! डोळ्याला भिंग लावून दिसतं काय हो तुम्हाला? का ते पण घड्याळ समजलात?"

"चुकलो," घड्याळवाले स्टुलावरून म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि भिंगाखालून टपकत होतं, पण ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "चुकलो गं. रागव. अजून रागव."

"रागवू नाही तर काय करू? आणि रडता कशाला वर उभं राहून? स्टूल हलतंय ते दिसत नाही? उतरा आधी खाली. पडलात तर तुम्हाला उचलायला मला उठावं लागेल."